नानकिंगचे कागद आणि साक्षीची किंमत

१

अत्याचार झाला असे सांगणाऱ्या माणसाला आपल्या देशात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'पुरावा काय?' हा. जळालेले घर पुरावा ठरत नाही, कारण ते चुलीतल्या ठिणगीनेही जळू शकते. पाठीवरचा वळ पुरावा ठरत नाही, कारण तो आपसातल्या भांडणाचाही असू शकतो. फौजदार येतो, पंच गोळा करतो, पंचनामा लिहितो. पंच गावातलेच असतात, आणि पुष्कळदा ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्याच भावकीतले असतात. पंचनाम्यात जे लिहिले गेले ते घडले, आणि जे लिहिले गेले नाही ते घडलेच नाही. पुढे वीस वर्षांनी इतिहास लिहिणारा येतो तेव्हा त्याच्या हाती तोच पंचनामा पडतो. बहिष्कृतांचा इतिहास हरवतो तो असा. तो प्रथम पोलीस चौकीत हरवतो, मग न्यायालयात हरवतो आणि शेवटी ग्रंथालयात हरवतो.

हा प्रश्न केवळ आपला नाही. जगात जिथे जिथे एका समूहाने दुसऱ्या समूहाची कत्तल केली, तिथे तिथे कत्तलीनंतर कागदांचे युद्ध झाले आहे. अशाच एका युद्धाचा आणि त्यात उतरलेल्या एका पत्रकार स्त्रीने मागे ठेवलेल्या कागदपत्रांचा विचार येथे करावयाचा आहे. तिचे नाव आयरिस चँग. चिनी वंशाची, अमेरिकेत जन्मलेली आणि वाढलेली, शिक्षणाने पत्रकार. १९९७ साली तिचे नानकिंगच्या कत्तलीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि साठ वर्षे पाश्चात्त्य जगाच्या विस्मरणात पडलेली घटना घराघरांत पोहोचली. त्या पुस्तकासाठी आणि नंतरच्या लेखनासाठी तिने जमवलेले कागद आज अमेरिकेत तीन ठिकाणी जतन केलेले आहेत : स्टॅनफर्ड विद्यापीठातील हूवर इन्स्टिट्यूशन, कॅलिफोर्निया विद्यापीठाची सान्ता बार्बरा शाखा आणि ती जिथे शिकली ते इलिनॉय विद्यापीठ. पत्रव्यवहार, टिपणे, हस्तलिखिते, जुन्या दप्तरांच्या छायाप्रती, छायाचित्रे, मुलाखतींच्या ध्वनिफिती व चित्रफिती असा हा संग्रह आहे.

पुस्तक लोकांनी वाचले. कागदांकडे मात्र संशोधकांखेरीज फारसे कोणी वळत नाही. चळवळीतल्या माणसाने पुस्तकाइतकाच या कागदांचाही विचार का केला पाहिजे, हे या लेखात मांडायचे आहे.

२

जपानने चीनवर लादलेल्या युद्धाची आठवण महाराष्ट्राला आहे ती मुख्यतः डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यामुळे. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेला आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच मरण पावला. शांतारामबापूंच्या चित्रपटाने त्याचे नाव अमर केले. परंतु कोटणीस निघण्याआधी काही महिने त्या देशाच्या राजधानीत काय घडले होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी आले नाही.

नानकिंग (आज हे शहर नानजिंग म्हणून ओळखले जाते) ही तेव्हाची चीनची राजधानी. १३ डिसेंबर १९३७ रोजी जपानी सैन्याने ती घेतली. त्यानंतरचे सहा ते आठ आठवडे शहरात आणि आसपासच्या खेड्यांत शरण आलेल्या सैनिकांच्या सामूहिक हत्या, नागरिकांच्या हत्या, स्त्रियांवरील बलात्कार, लूट आणि जाळपोळ चालू राहिली. युद्धानंतर टोकियो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणाने मृतांचा आकडा दोन लाखांहून अधिक मानला. चीनमधील न्यायाधिकरणाने तो तीन लाखांहून अधिक धरला. आकड्यांचा वाद आजही संपलेला नाही. कत्तल झाली हे मात्र गंभीर अभ्यासकांपैकी कोणीही नाकारत नाही. जपानमधल्या अभ्यासकांचीही यात गणना करायला हवी.

आता प्रश्न असा की हे लिहून कोणी ठेवले? मारणाऱ्यांच्या दप्तरात नोंदी होत्या. ऑगस्ट १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळी जपानी लष्कराने आपले कागद मोठ्या प्रमाणावर जाळले. मरणाऱ्यांपाशी लिहिण्याची सवड नव्हती आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना लिहिताही येत नव्हते. त्या वेळी तिथेच लिहिले ते मुख्यतः तिसऱ्याने. शहरात मूठभर परदेशी माणसे मागे राहिली होती. मिशनरी, डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी अशा या लोकांनी शहराचा एक भाग 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून आखून घेतला. जवळपास चार चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात दोन लाखांहून अधिक निर्वासितांनी आश्रय घेतला. या परदेशी माणसांनी रोज रात्री दिवसभराच्या घटना लिहिल्या, जपानी वकिलातीकडे तारीखवार तक्रारी पाठवल्या आणि त्यांच्या नकला जपून ठेवल्या. जॉन मॅगी या धर्मोपदेशकाने रुग्णालयातील जखमींचे चित्रीकरण केले. ती फिल्म जॉर्ज फिच या दुसऱ्या अमेरिकनाने आपल्या कोटाच्या अस्तरात शिवून शहराबाहेर काढली.

कोटाच्या अस्तरात शिवलेली ती फिल्म म्हणजे त्या कत्तलीच्या दप्तराचा एक आरंभ. दप्तरे सरकारी कचेरीत जन्मतात असा आपला समज असतो. मारणाराच सरकार असतो तेव्हा दप्तर कोटाच्या अस्तरात, उशीच्या अभ्र्यात किंवा माळ्यावरच्या पेटीतच जन्म घेते.

३

आयरिस चँगचा जन्म १९६८ सालचा. आईवडील दोघेही वैज्ञानिक. १९३७ सालच्या धामधुमीत तिच्या आईचे आईवडील त्या भागातून निसटले होते. लहानपणी घरात तिने त्या कत्तलीच्या गोष्टी ऐकल्या. शाळेच्या ग्रंथालयात शोधायला गेली तर त्यावर एक ओळ सापडेना. घरात सांगितले जाते ते खरे की ग्रंथालयात नाही म्हणून ते खोटे? दलित वाचकाला या मुलीची कोंडी समजावून सांगावी लागणार नाही. आजीच्या तोंडून ऐकलेला गावकुसाबाहेरचा इतिहास आणि शाळेच्या पुस्तकातला इतिहास यांची गाठ आपल्याही बालपणी कधी पडली नाही.

१९८९ साली तिने इलिनॉय विद्यापीठाची पत्रकारितेची पदवी घेतली, काही काळ वृत्तसंस्थेत आणि दैनिकात काम केले, नंतर लेखनाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. इतिहासाची पदवी तिच्यापाशी नव्हती. डिसेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात भरलेल्या एका परिषदेत तिने कत्तलीची मोठी केलेली छायाचित्रे पाहिली आणि पुस्तकाचा निश्चय केला. पुढची दोन वर्षे ती कागदांच्या मागे फिरली. येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र ग्रंथालयात मिशनऱ्यांची पत्रे व रोजनिश्या होत्या. त्यांत मिनी वॉत्रिन या शिक्षिकेची रोजनिशी होती. हिने नानकिंगमधील आपल्या महिला महाविद्यालयाच्या आवारात सुमारे दहा हजार स्त्रिया आणि मुलांना आसरा दिला होता. या अनुभवाने खचलेल्या वॉत्रिनबाईंनी १९४१ साली अमेरिकेत आत्महत्या केली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात टोकियो खटल्याची कागदपत्रे होती. १९९५ च्या उन्हाळ्यात चँग नानजिंगला गेली आणि हयात असलेल्या पीडितांच्या मुलाखती तिने चित्रफितीवर घेतल्या.

तिच्या शोधातली सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे जॉन राबेची रोजनिशी. राबे हा जर्मन, सीमेन्स कंपनीचा नानकिंगमधील प्रमुख आणि सुरक्षित क्षेत्राच्या समितीचा अध्यक्ष. शिवाय तो नाझी पक्षाचा सभासद होता. आपल्या घराच्या आवारात त्याने सहाशेहून अधिक चिनी लोकांना ठेवून घेतले होते. जपानी सैनिक भिंतीवरून उड्या टाकून आत आले की तो दंडावरचे स्वस्तिक दाखवून त्यांना हुसकून लावी. १९३८ साली जर्मनीत परतल्यावर त्याने या घटनांवर व्याख्याने दिली आणि हिटलरला निवेदन पाठवले. तेव्हा गुप्त पोलिसांनी त्याला पकडून नेले आणि पुढे गप्प बसण्याच्या अटीवर सोडले. युद्धानंतर त्याच्या वाट्याला दारिद्र्य आले. ते कळल्यावर नानकिंगच्या लोकांनी पैसे जमवून त्याला अन्नधान्य पाठवले. १९५० साली तो मेला. चँगने चौकशी करीत करीत त्याच्या नातीचा पत्ता मिळवला आणि पत्रे लिहिली. आजोबांनी दोन हजारांवर पानांची रोजनिशी मागे ठेवली आहे, हे त्या पत्रव्यवहारातून कळले. डिसेंबर १९९६ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये जगापुढे मांडली गेली.

एक पत्र, त्याचे उत्तर, पुन्हा पत्र. इतक्या साध्या साधनांनी हा शोध लागला. पत्रकाराला चिकाटीने पत्ता शोधण्याची सवय असते. इतिहासाच्या क्षेत्रात येताना चँगने ती सवय सोबत आणली, हे तिचे मोठे भांडवल होते.

४

इथे थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट पाहिली पाहिजे. राबेच्या रोजनिशीने जग हलले. पण त्या रोजनिशीत जे होते ते नानकिंगची माणसे आधीपासून सांगतच होती. ली शिउयिंग ही तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची गर्भवती तरुणी. बलात्काराला विरोध करताना तिच्यावर संगिनीचे सदतीस वार झाले. मूल दगावले, ती जगली. मॅगीच्या फिल्ममध्ये रुग्णालयातल्या खाटेवर ती दिसते. तिचे सांगणे चीनमध्ये प्रसिद्ध होते, तिच्या चेहऱ्यावरचे व्रण सर्वांसमोर होते. तरीही जपानमधील एका लेखकाने पुस्तकात लिहिले की ही बाई ती नव्हेच. उतारवयात या स्त्रीला टोकियोच्या न्यायालयात जाऊन आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे लागले. २००२ साली न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २००४ मध्ये तिचे निधन झाले.

नाझी पक्षाच्या सभासदाची वही विश्वसनीय ठरते आणि सदतीस जखमांची बाई संशयित ठरते, हे कोणत्या न्यायाने? कारण स्पष्ट आहे. राबे गोरा होता, जपानच्या मित्रराष्ट्राचा नागरिक होता, त्याचा यात स्वार्थ नव्हता. पीडिताचा मात्र स्वार्थ असतो असे गृहीत धरले जाते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची साक्ष 'पक्षपाती' आणि ज्याच्यावर झाला नाही त्याची 'तटस्थ' हा साक्षीचा नियम वर्चस्व असलेल्यांनी केला आहे.

आपल्याकडे हा नियम कसा चालतो ते आठवून पाहा. २५ डिसेंबर १९६८ रोजी तमिळनाडूतील कीळवेणमणी येथे मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर हल्ला झाला आणि एका झोपडीत कोंडून चव्वेचाळीस माणसे जाळली गेली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. पुढे उच्च न्यायालयाने जमीनदार आरोपींना सोडले. मोटारी बाळगणारे श्रीमंत लोक स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील हे संभवनीय वाटत नाही, असाही एक विचार त्या निकालात होता. चँगचे पुस्तक आले त्याच वर्षी, १ डिसेंबर १९९७ च्या रात्री, बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने अठ्ठावन्न दलितांची हत्या केली. २०१० साली सत्र न्यायालयाने सव्वीस जणांना दोषी ठरवले. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने साक्षीदार विश्वासार्ह नाहीत म्हणून सगळ्या सव्वीस जणांना मुक्त केले. अठ्ठावन्न प्रेते होती, त्यांबद्दल वाद नव्हता. फक्त मारणारा कोणी उरला नाही.

म्हणून चँगच्या संग्रहातला कोणता भाग सर्वांत मोलाचा असे विचारले तर माझे उत्तर राबेची वही हे नाही. १९९५ साली नानजिंगमध्ये घेतलेल्या त्या मुलाखती मोलाच्या आहेत. राबेची वही आज ना उद्या कुणाच्या तरी कपाटातून बाहेर आलीच असती. म्हाताऱ्या माणसांचे बोलणे मात्र त्यांच्याबरोबर चितेवर गेले असते.

५

चँगच्या पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या आणि त्यावर कठोर टीकाही झाली. टीका दोन प्रकारची होती आणि त्या दोहोंत फरक केला पाहिजे. पहिली टीका नाकारणाऱ्यांची होती. काही घडलेच नाही असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरी टीका मात्र कत्तल झाली हे ठामपणे मानणाऱ्या अभ्यासकांची होती. जपानच्या जुन्या इतिहासाचे काही तपशील चुकले आहेत, काही छायाचित्रांची ओळख शंकास्पद आहे, आणि साऱ्या जपानने या विषयावर मौन धरले अशी समजूत पुस्तकातून होते ती खरी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्त्या आणि टिपा यांवरून मतभेद होऊन १९९९ साली निघणारी जपानी आवृत्ती रद्द झाली. ती अखेर २००७ साली निघाली, तेव्हा लेखिका हयात नव्हती.

जपानने मौन धरले हे विधान का खरे नव्हते? कारण जपानमध्येच कित्येक माणसे अनेक वर्षे हेच काम करीत होती. होरा तोमिओ या प्राध्यापकाने साठच्या दशकापासून या विषयावर लिहिले. होंडा कात्सुइची या पत्रकाराने १९७१ साली चीनमध्ये फिरून पीडितांची निवेदने आपल्या दैनिकात छापली आणि पुढे त्यावर ग्रंथ लिहिले. इएनागा साबुरो या इतिहासकाराने पाठ्यपुस्तकांवरील सरकारी कात्रीविरुद्ध १९६५ पासून तीन दशके खटले लढवले. ओनो केंजी हा फुकुशिमा भागातला कारखान्यातील कामगार. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, अनुदान नव्हते. सुट्टीच्या दिवशी तो आपल्या भागातल्या जुन्या सैनिकांच्या दारात जाई, त्यांच्याशी बोले आणि युद्धकाळातल्या रोजनिश्या मागून घेई. नानकिंगला गेलेल्या पलटणीतील सैनिकांच्या रोजनिश्यांचा त्याने जमवलेला संग्रह १९९६ साली ग्रंथरूपाने आला. त्यात कैद्यांच्या सामूहिक हत्येच्या नोंदी खुद्द मारणाऱ्यांच्या हस्ताक्षरात आहेत. लष्कराने दप्तर जाळले होते, पण शिपायांच्या खिशातल्या वह्या जाळायच्या राहून गेल्या. त्या शोधून काढल्या एका कामगाराने. आमच्या तरुण मित्रांनी हे नाव पाठ करून ठेवावे.

चूक किती महाग पडते याचेही उदाहरण याच इतिहासात आहे. आझुमा शिरो हा माजी सैनिक. त्याने आपली रोजनिशी १९८७ साली छापली आणि स्वतःच्या अपराधांची कबुली दिली. त्यातल्या एका प्रसंगात, एका चिनी माणसाला टपालाच्या पिशवीत घालून जाळण्याचा आणि हातबाँब बांधून तळ्यात फेकण्याचा, त्याने आपल्या वरिष्ठाचा उल्लेख केला होता. त्या वरिष्ठाने अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो प्रसंग सिद्ध होईना आणि आझुमा सर्वोच्च न्यायालयापर्यंत हरला. नाकारणाऱ्यांनी या एका प्रसंगावरून सगळी कत्तल खोटी ठरवण्याचा गदारोळ केला. टोकियो खटल्यात मॅगीला उलटतपासणीत विचारले गेले, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी किती खून पाहिले? प्रामाणिक मॅगीने उत्तर दिले : एक. त्याने शेकडो जखमी पाहिले, प्रेते पाहिली, फिल्म घेतली. ते सारे बाजूला ठेवून तो 'एक' आजही नाचवला जातो.

आणि एक भारतीय संदर्भ. टोकियोच्या न्यायाधिकरणात राधाविनोद पाल हे भारतीय न्यायाधीश होते. त्यांनी भिन्न निकालपत्र लिहून सर्व आरोपींना निर्दोष ठरवले. साम्राज्यवादी जेत्यांनी जितांचा न्याय करावा हेच त्यांना मान्य नव्हते. जपानमधील उजव्या गटांनी त्यांना डोक्यावर घेतले आणि २००५ साली यासुकुनी देवस्थानात त्यांचे स्मारक उभारले. परंतु पाल यांचे निकालपत्र पूर्ण वाचले तर नानकिंगमध्ये जपानी सैनिकांचे वर्तन क्रूर होते, याविषयी त्यांनी शंका ठेवलेली नाही असे दिसते. पुराव्यातली अतिशयोक्ती वगळूनही अत्याचार झाले हे उरतेच, असे त्यांचे मत होते. पाल यांचे नाव घेऊन कत्तल नाकारणारे लोक पाल वाचत नाहीत. जो कागद अर्धाच दाखवला जातो तो पूर्ण मिळवून वाचणे हे चळवळीचे काम आहे.

या साऱ्याच्या पार्श्वभूमीवर चँगचे मूळ कागद जतन झाले याचे महत्त्व कळते. पुस्तकात लेखक निष्कर्ष मांडतो. तो चुकला असेल तर वाचकाला फक्त विश्वास किंवा अविश्वास एवढेच करता येते. कागद उपलब्ध असले की तिसरा मार्ग खुला होतो, तो म्हणजे तपासण्याचा. कोणते छायाचित्र कोठून आले, कोण साक्षीदार काय बोलला, कोणत्या पत्राचे कोणते उत्तर आले हे पुढचा अभ्यासक पाहू शकतो, चूक दुरुस्त करू शकतो. पीडितांची बाजू एका लेखकाच्या शब्दावर उभी राहात नाही, तिला पाया मिळतो. लोकप्रिय इतिहास लिहिणाऱ्यावर विद्यापीठातले लोक नाक मुरडतात. त्याला उत्तर एकच : आपली टिपणे उघडी ठेवणे.

चँग ९ नोव्हेंबर २००४ रोजी गेली. वय छत्तीस. फिलिपाइन्समध्ये जपान्यांच्या कैदेत हाल सोसलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मुलाखती ती घेत होती, आजारी पडली, आणि तिने स्वतःचे जीवन संपवले. विषयाने तिचा बळी घेतला असे सोपे विधान करण्याचा मोह टाळावा. माणसाचे मन इतक्या एका कारणाने मोडत नाही, आणि अशा विधानाने काम करणाऱ्यांना भीती तेवढी वाटते. मात्र अत्याचाराची निवेदने गोळा करणाऱ्याला एकटे सोडू नये, हे वॉत्रिनबाई आणि चँग या दोघींच्या आयुष्याने शिकवले आहे. काम वाटून घेतले पाहिजे, आणि काम करणाऱ्याची विचारपूस केली पाहिजे.

६

बाबासाहेबांना पुराव्याचे हे मर्म पूर्ण ठाऊक होते. ते स्वतः पत्रकार होते. १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' त्यांनी काढले. जातिनिर्मूलनावरील त्यांच्या १९३६ च्या भाषणात इंदूर भागातील बलाई लोकांवर लादलेल्या जाचक अटी येतात त्या ४ जानेवारी १९२८ च्या इंग्रजी दैनिकाच्या हवाल्यासह. गुजरातमधील कविठा आणि जयपूर संस्थानातील चकवारा ही गावेही त्या भाषणात नावानिशी येतात. संताप होताच, पण संतापाच्या हाती तारीख आणि ठिकाण दिलेले होते. तेच भाषण आज नव्वद वर्षांनीही कोणाला खोडता येत नाही, याचे हे एक कारण आहे.

आणि त्याच बाबासाहेबांच्या कागदांचे काय झाले? १९५६ साली महापरिनिर्वाण झाले तेव्हा कितीतरी हस्तलिखिते अप्रकाशित होती. ती पेट्यांत, न्यायालयाच्या आणि सरकारी ताब्यात वर्षानुवर्षे पडून राहिली. वसंत मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाने १९७९ पासून महाराष्ट्र शासनाचे खंड निघू लागले. १९८७ साली हिंदू धर्मातील कोड्यांवरचा खंड निघताच केवढे वादळ उठले ते सर्वांना स्मरत असेल. कागद निरुपद्रवी असते तर त्यांची कुणाला भीती वाटली नसती. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या हयातीतच पत्रे, कात्रणे, आठवणी जमवल्या आणि १९५२ साली चरित्राचा पहिला खंड काढला. तेही इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. आज बाबासाहेबांवर लिहिणारा प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर उभा आहे.

परंतु नेत्याचे कागद वाचले म्हणजे समाजाचे कागद वाचले असे होत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. अत्याचार विरोधी समितीने गावोगाव फिरून केलेला अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला, म्हणून आज काही तपशील तरी हाती आहे. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आता त्या आगीत होरपळलेली माणसे साठीच्या, सत्तरीच्या पुढे गेली आहेत. त्यांची घरे जळाली तेव्हा घरातले कागदही जळाले. जे आहे ते त्यांच्या स्मरणात आहे, आणि नानजिंगच्या म्हाताऱ्यांप्रमाणे तेही फार दिवस थांबणार नाही.

हे काम कोणी करायचे? विद्यापीठे करतील याची वाट पाहू नये. विद्यार्थ्याने सुट्टीत गावी गेल्यावर एका म्हाताऱ्या माणसाचे सांगणे त्याच्याच शब्दांत टिपावे अथवा ध्वनिमुद्रित करावे, वर तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे वय लिहावे, आणि ते कुणाला दाखवावे, कुणाला दाखवू नये हे त्याला विचारून घ्यावे. अजून त्याच गावात राहणाऱ्याचे नाव उघड झाले तर त्याला पुन्हा मार खावा लागेल, हे विसरू नये. शिक्षकाने शाळेच्या कपाटात एक फडताळ यासाठी राखावे. कार्यकर्त्याने मोर्च्याचे पत्रक, तक्रारीची नक्कल, पोलिसांच्या पोचपावत्या, निकालाची प्रत टाकून देऊ नये. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती दोन गावांत ठेवाव्यात, कारण एक जळू शकते. ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहावे, पाहिलेले ते पाहिलेले म्हणून. आकडा माहीत नसेल तर फुगवू नये. आपली एक चूक शत्रूच्या हाती दिलेली काठी ठरते, हे आझुमाच्या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

आणखी एक. नानकिंगच्या कत्तलीचे दस्तऐवज २०१५ साली युनेस्कोने जगाच्या स्मृतीच्या नोंदवहीत दाखल केले, तेव्हा जपान सरकारने निषेध केला आणि पुढच्या वर्षी त्या संस्थेची वर्गणी काही महिने अडवून धरली. घटनेला अठ्ठ्याहत्तर वर्षे लोटली होती. मेलेल्यांची आठवण ठेवणारे कागद एका धनाढ्य राष्ट्राला इतक्या वर्षांनी अस्वस्थ करतात. यावरून त्यांच्या ताकदीची कल्पना यावी.

चीनमागे राज्य होते, सैन्य होते, पुढे स्मारकालय उभे राहिले. आमच्यामागे तसे काही नाही. आमच्या वस्तीतल्या साक्षीदाराला राबे मिळण्याचा संभव कमी आहे, आणि त्याची वाट पाहणे हा आमच्या स्वाभिमानाला शोभणारा मार्गही नव्हे. ओनो केंजीपाशी जे होते ते मात्र आपल्यापाशी आहे : सुट्टीचा दिवस, वही, आणि दार ठोठावण्याची तयारी. ज्या ज्या गावी आपले कार्यकर्ते आहेत त्या गावांपासून हे काम सुरू व्हावे, आणि जे जमेल त्याची यादी एकमेकांना कळवावी.